सिव्हिलच्या पोरांना रस्त्यांच्या पहिल्याच धड्यात भेटणारे बॅरिस्टर जयकर नक्की होते कोण?

नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात जा, नाहीतर पॉलिटेक्निकला जा. सिव्हिलच्या पोरांकडे रस्त्यांच्या विषयाचं पुस्तक मागा आणि पहिला धडा उघडा.

आधी रोमन लोकांचे रस्ते येतात. मग फ्रान्सचे त्रेसागे, स्कॉटलंडचे टेलफर्ड आणि मॅकॅडम. ही सगळी परदेशी नावं संपली की एकदम एक मराठी आडनाव समोर येतं.

जयकर समिती, १९२७.

पोरं हे नाव पाठ करतात. सेमिस्टरला येतं, गेटला येतं, एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेला येतं, ज्युनिअर इंजिनिअरच्या भरतीलाही येतं. समिती कधी नेमली आणि तिने काय सुचवलं, एवढं लिहिलं की मार्क पक्के. नंतर डांबराचे ग्रेड, खडीच्या टेस्ट आणि कॅम्बरचा उतार यांच्या गर्दीत ते नाव मागे पडतं.

आता त्या धड्यात न येणारी गोष्ट अशी, की हे जयकर इंजिनिअर नव्हते. त्यांचा धंदा वकिलीचा होता. पण भारतातल्या रस्त्यांसाठी पैसा कुठून येणार आणि रस्ता बांधायचे नियम कोण ठरवणार, या दोन प्रश्नांची जी उत्तरं आजही चालू आहेत, त्यांची सुरुवात या बॅरिस्टरच्या अहवालापासून होते.

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा. घर मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातलं. इंग्रजी शिक्षण, सरकारी नोकऱ्या आणि वकिली यांत हा समाज मुंबईत फार आधीपासून पुढे होता. जयकरांनीही तीच वाट धरली. मुंबईत कायद्याची पदवी घेतली, पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि १९०५ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. वकिली जोरात चालली.

असा माणूस त्या काळी राजकारणात ओढला गेला नसता तरच नवल. १९१९ मध्ये जालियनवाला बाग घडलं. इंग्रज सरकारने आपली हंटर समिती नेमली, तर काँग्रेसने स्वतःची वेगळी चौकशी समिती बसवली. पंजाबात फिरून साक्षी गोळा करून १९२० मध्ये तिने जो अहवाल दिला, त्यावर गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर यांची नावं आहेत. कागदपत्रं वाचायची, साक्षी तपासायच्या, त्यातून विरोधकालाही खोडता येणार नाही असा अहवाल लिहायचा, हे काम जयकरांना इथे नीट जमलं. पुढे आयुष्यभर त्यांच्याकडे हेच काम येत राहिलं.

१९२३ मध्ये ते स्वराज्य पक्षाकडून मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि तिथे पक्षाचे नेते झाले. पण दोनेक वर्षांत त्यांचं आणि पक्षाचं बिनसलं. कायदेमंडळात जाऊन सरकारची फक्त अडवणूक करायची, ही मोतीलाल नेहरूंची लाइन. जयकर, न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे या तिघांचं म्हणणं वेगळं होतं. सरकार जिथे लोकांच्या उपयोगाचं काम करेल तिथे साथ द्यायची, जिथे करणार नाही तिथे विरोध करायचा. यालाच प्रतियोगी सहकारिता म्हणायचे. टिळकांचा हा शब्द या मंडळींनी उचलला आणि वेगळी चूल मांडली.

१९२६ च्या निवडणुकीत जयकर मुंबईतून दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळावर निवडून आले. तिथे लाला लजपतराय त्यांच्या गटाचे नेते होते आणि जयकर उपनेते.

आणि इथून रस्त्यांची गोष्ट सुरू होते.

त्या वेळी देशातल्या रस्त्यांची अवस्था काय होती, हे बघायला पाहिजे. इंग्रजांचा सगळा जीव रेल्वेत होता. लष्कर हलवायचं, कापूस बंदरावर न्यायचा, तर रेल्वे. रस्ते म्हणजे स्टेशनपर्यंत पोहोचायची सोय. त्यात १९१९ च्या सुधारणा आल्या आणि रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला. प्रांतांकडे पैसे नव्हते, म्हणून त्यांनी बरेचसे रस्ते जिल्हा लोकल बोर्डांच्या गळ्यात मारले. लोकल बोर्डांची कमाई ती किती? शाळा चालवायच्या, दवाखाने चालवायचे आणि उरलं तर रस्त्यावर मुरूम टाकायचा.

नेमकं याच काळात पहिलं महायुद्ध संपलं आणि मोटारी वाढायला लागल्या.

सिव्हिलच्या पोरांना पुढची गोष्ट लगेच कळेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायला हवी. तोवरचे चांगले रस्ते म्हणजे पाणी मारून दाबलेल्या खडीचे. मोठी खडी अंथरायची, रोलर फिरवायचा, फटींत बारीक चुरी आणि मुरूम भरायचा, पाणी मारायचं आणि पुन्हा रोलर. या रस्त्यावर बैलगाडीचं लोखंडी धावेचं चाक फिरलं की वरची खडी थोडी भरडली जायची. त्याची पूड फटींत बसायची, पाणी लागलं की पुन्हा घट्ट व्हायची. रस्ता झिजायचा, पण हळूहळू.

मोटारीच्या रबरी टायरने उलटं केलं. वेगात जाणारा टायर फटींतली ती बारीक पूड ओढून काढायचा. मोटारीमागे उठणारा धुळीचा लोट म्हणजे रस्त्याचा सिमेंटच उडून जात होता म्हणा ना. पूड गेली की खडी मोकळी, खडी मोकळी झाली की खड्डा. म्हणजे जो रस्ता बैलगाडीने वर्षानुवर्षं टिकायचा, तो मोटारींच्या रहदारीत काही महिन्यांत उखडायला लागला.

उपाय माहीत होता. डांबर, नाहीतर सिमेंट. पण ते परवडणार कुणाला? रस्ता लोकल बोर्डाचा आणि त्यावरून पळणारी मोटार भलत्याच जिल्ह्याची, कधी भलत्याच प्रांताची.

हा गुंता सोडवायला केंद्रीय कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी समिती मागितली आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये सरकारने ती नेमली. दोन्ही सभागृहांतले सदस्य तिच्यात घेतले. अध्यक्ष झाले मुकुंदराव जयकर.

आता तारीख नीट बघा. याच नोव्हेंबर १९२७ मध्ये सायमन कमिशनची घोषणा झाली. एकही भारतीय नसलेलं हे कमिशन भारताला किती अधिकार द्यायचे ते ठरवणार होतं. देशभर बहिष्काराची हाक गेली. जयकरांचे नेते लजपतराय यांनीच १९२८ च्या फेब्रुवारीत कायदेमंडळात कमिशनविरुद्ध ठराव मांडला. म्हणजे एकीकडे सरकारच्या एका कमिशनवर बहिष्कार आणि दुसरीकडे सरकारच्याच दुसऱ्या समितीचं अध्यक्षपद. आजच्या काळात सोशल मीडियावर यावरून माणसाला सोलून काढलं असतं. पण जयकरांच्या राजकारणात हे बसत होतं. रस्ता उद्या स्वराज्यातही लागणारच होता, त्यामुळे त्याचं काम थांबवून सायमनसाहेबाचं काही बिघडणार नव्हतं.

१९२८ मध्ये समितीने अहवाल दिला. त्यातली पहिली गोष्ट तांत्रिक नाहीच, ती सरळ वकिली युक्तिवादासारखी आहे. रस्त्यांचा विकास आता लोकल बोर्डांच्या आणि प्रांतांच्या कुवतीबाहेर गेलाय. रस्त्याचा फायदा सगळ्या देशाला होतो, तेव्हा त्याचा भार काही प्रमाणात केंद्राने उचलला पाहिजे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तेव्हा कायद्याने रस्ते प्रांतांचे होते आणि त्यात लक्ष घालायची केंद्राला काहीच गरज नव्हती. हा दरवाजा समितीने उघडला.

मग पैशाचा प्रश्न. समितीने सुचवलं, पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा फक्त रस्त्यांसाठी वेगळा ठेवा.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यातली चलाखी बघण्यासारखी आहे. जो रस्ता जास्त वापरतो त्याची मोटार जास्त पेट्रोल पिते, म्हणून तो जास्त कर भरतो. ठिकठिकाणी नाका लावून पैसे गोळा करायची गरज नाही. बैलगाडीवाल्या शेतकऱ्याला एक पैसाही द्यावा लागत नाही. आणि वेगळा निधी असल्यामुळे दर वर्षी अर्थखात्याच्या दारात उभं राहायला नको.

सरकारने हे मान्य केलं. पेट्रोलवर आधी गॅलनला चार आणे कर होता, त्यात दोन आणे वाढवले. या दोन आण्यांतून १ मार्च १९२९ ला केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. सुरुवातीला पाच वर्षांचा प्रयोग म्हणून. तो पुढे चालूच राहिला.

आणखी दोन सूचना होत्या आणि रस्त्यांच्या क्षेत्रात करिअर करणाऱ्या पोरांसाठी त्याच जास्त जवळच्या आहेत. एक म्हणजे देशभरच्या रस्ते इंजिनिअर्सनी एकत्र येऊन अनुभव सांगायला, नियम ठरवायला एक निमसरकारी संस्था असावी. मद्रासचा इंजिनिअर काय करतो हे पंजाबच्या इंजिनिअरला कळतच नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या प्रांतात स्वतःच्याच चुकांमधून शिकत होता. यातून डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली.

दुसरी सूचना संशोधनाची. इथली माती वेगळी, पाऊस वेगळा, ऊन वेगळं, तर इंग्लंडच्या पुस्तकावर रस्ते कसे टिकणार? याला मात्र वेळ लागला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्था दिल्लीत उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला.

नांदेड-लातूरच्या पोरांना या दोन संस्थांची किंमत सगळ्यात आधी मातीत कळते. मराठवाड्याची काळी माती कापसाला आणि सोयाबीनला सोनं आहे, रस्त्याला मात्र वैरी. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसता डांबरी थर टाकला तर दोन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात आणि कडा तुटतात. कॉलेजच्या लॅबमध्ये या मातीची सीबीआर टेस्ट लावली की आकडा बऱ्याचदा दोन-चार टक्क्यांच्या आसपास घोटाळतो. मग माती किती खोल काढायची, मुरूम किती भरायचा, चुना मिसळायचा का, वर खडीचे थर किती जाडीचे, हे ठरवायला पोरं जे पुस्तक उघडतात ते इंडियन रोड्स काँग्रेसचं असतं. डांबरी रस्त्याच्या डिझाइनसाठी आयआरसी ३७, सिमेंटच्या रस्त्यासाठी आयआरसी ५८. साइटवर कॉन्ट्रॅक्टरचा इंजिनिअर आणि सरकारी इंजिनिअर भांडले तरी निकाल शेवटी आयआरसीच्या कोडवर लागतो.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९२९ मध्ये जेव्हा हा निधी सुरू झाला, तेव्हा नांदेड आणि लातूर ब्रिटिश भारतात नव्हतेच. नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दिल्लीच्या कायदेमंडळात जयकरांच्या समोर जे प्रांत होते, त्यात मराठवाडा कुठेच नव्हता. नांदेडला मनमाड-हैदराबाद मीटरगेज होती, लातूरला १९११ पासून बार्शी लाइटची छोटी गाडी यायची. नांदेडहून लातूरला जायचं तर रस्त्यानेच. निजाम सरकारने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पण बस ही हमरस्त्यावरून धावायची, गावाला जाणारी वाट मात्र पावसाळ्यात चिखलाचीच राहायची.

आणि जयकर समितीच्या रचनेत एक उणीवही होती. निधीचा काही भाग केंद्राकडे राखीव राहायचा आणि बाकीचा प्रांतांना वाटला जायचा, तो कुठे किती पेट्रोल खपतं त्यावरून. हिशोब न्याय्य वाटतो. ज्याने भरलं त्याला परत. पण याचा अर्थ असाही होतो, की जिथे आधीच मोटारी आहेत, म्हणजे जिथे आधीच बरे रस्ते आहेत, तिथे आणखी पैसा जाणार. जिथे रस्ता नाही तिथे मोटार नाही, मोटार नाही म्हणून पेट्रोल नाही, पेट्रोल नाही म्हणून निधी नाही. मागास भागाला हे सूत्र कधीच फायद्याचं नव्हतं.

रस्त्यांचा अहवाल देऊन जयकर मोकळे झाले आणि पुन्हा राजकारणात बुडाले. खरं तर देशाला त्यांचं नाव कळलं ते पुढच्या चार वर्षांत.

१९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्यात सर्वपक्षीय परिषद झाली. नेहरू अहवालात मुसलमानांसाठी काही दुरुस्त्या कराव्यात अशी जिनांची मागणी होती. हिंदू महासभेच्या बाजूने त्याला सगळ्यात ठाम विरोध करणाऱ्यांत जयकर होते. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. त्यानंतर जिना आणि काँग्रेस यांच्यातलं अंतर वाढतच गेलं. मध्यस्थ अशी जयकरांची पुढे ओळख झाली, पण या एका वेळी त्यांनी मध्यस्थी केली नाही, हेही लिहून ठेवायला पाहिजे.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला आणि सगळे नेते तुरुंगात गेले. सरकार आणि काँग्रेस यांच्यात बोलणी करायला दोन वकील पुढे आले, तेजबहादूर सप्रू आणि जयकर. गांधीजी येरवड्यात, नेहरू पितापुत्र नैनीच्या तुरुंगात. दोघं एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात निरोप घेऊन फिरले. शेवटी नेहरूंना येरवड्याला आणून सगळ्यांची एकत्र बैठक झाली. बोलणी फिसकटली, पण धागा तुटला नाही. १९३१ च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्यामागे सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री यांची धावपळ होती. जयकर गोलमेज परिषदांनाही गेले. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्यात पुणे करार झाला, त्याच्यावरही जयकरांची सही आहे.

या सगळ्यात त्यांच्या मागे पक्ष मात्र उरला नाही. काँग्रेसला ते सरकारच्या जवळचे वाटायचे, सरकारला काँग्रेसच्या जवळचे. दोन्ही बाजूंना निरोप्या लागतो, पण निवडणुकीत निरोप्याला मत कुणी देत नाही.

१९३७ मध्ये भारतात पहिल्यांदा फेडरल कोर्ट सुरू झालं, म्हणजे आजच्या सुप्रीम कोर्टाचा पूर्वज. त्यात सुरुवातीला तीनच न्यायाधीश होते. सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि जयकर. तिथून १९३९ मध्ये ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले.

मग संविधान सभा. १९४६ मध्ये जयकर मुंबई प्रांतातून तिच्यावर निवडून आले. डिसेंबरात पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभागृह भारावलेलं होतं आणि अशा वेळी जयकरांनी उठून दुरुस्ती सुचवली, की मुस्लिम लीग आणि संस्थानं अजून सभेत आलेली नाहीत, ती येईपर्यंत हा ठराव पुढे ढकलावा. सभागृहाला ते रुचलं नाही, त्यांना बराच विरोध सोसावा लागला. त्यांच्या मुद्द्याला थोडाफार आधार मिळाला तो दुसऱ्या दिवशी बोललेल्या डॉ. आंबेडकरांच्या भाषणात. ठरावावरची चर्चा शेवटी जानेवारीपर्यंत थांबलीच.

पण जयकरांचं मन तिथे रमलं नाही. १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेचा राजीनामा दिला.

आणि इथे इतिहासाने एक वळण घेतलं. डॉ. आंबेडकर संविधान सभेवर बंगालमधून निवडून आले होते. फाळणी ठरली आणि त्यांची जागा गेली. बाबासाहेब सभेत असायलाच हवेत, असं काँग्रेसच्या नेत्यांनाही वाटत होतं. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना तसं कळवलं. मुंबईतून एक जागा रिकामी होती. ती होती जयकरांची. त्या जागेवरून डॉ. आंबेडकर पुन्हा संविधान सभेत आले आणि महिनाभरात मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

लातूरच्या सिव्हिलच्या पोरांना यात एक योगायोग सापडेल. ज्यांच्या अहवालावर ते पहिला प्रश्न सोडवतात, त्यांच्या रिकाम्या जागेवर जे निवडून आले, त्यांच्याच नावाच्या लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची पदवी आज यातल्या अनेकांच्या हातात पडते.

जयकरांचं शेवटचं मोठं काम शिक्षणातलं. महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ असावं का, हे बघायला मुंबई सरकारने १९४२ मध्ये समिती नेमली, तिचेही अध्यक्ष जयकरच. अहवाल आला, फेब्रुवारी १९४८ मध्ये कायदा झाला आणि पुणे विद्यापीठ जन्माला आलं. अहवाल लिहिणाऱ्यालाच आता ते चालवून दाखवायला सांगितलं गेलं. पंच्याहत्तरीला टेकलेले जयकर पहिले कुलगुरू झाले. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला विद्यापीठाला मिळाला आणि साहेबांच्या मेजवान्या व्हायच्या त्या दालनांत सेनेटच्या बैठका सुरू झाल्या. पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेजही मुंबईकडून या नव्या विद्यापीठाकडे आलं. म्हणजे राज्यभर रस्ते-पूल बांधायला जाणाऱ्या इंजिनिअर्सची पदवी आता जयकरांच्या विद्यापीठाची झाली. १९५६ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळलं.

१० मार्च १९५९ ला जयकर गेले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. पुण्यात एमपीएससीची तयारी करायला आलेल्या मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांनी जयकर हे नाव पहिल्यांदा वाचलं ते पुस्तकात, आणि दुसऱ्यांदा या ग्रंथालयाच्या पाटीवर. दोन्ही जयकर एकच, हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

त्यांनी घातलेल्या पायावर पुढच्या लोकांनी बांधलं. १९४३ मध्ये सगळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे चीफ इंजिनिअर नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा आराखडा ठरला. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही पाच नावं तिथली. आजही गावच्या रस्त्याच्या पाटीवर प्रजिमा, इजिमा, ग्रामा असं लिहिलेलं असतं, ती याचीच लघुरूपं. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता, हे उद्दिष्ट होतं १९६३ चं, आणि देशाने ते मुदतीच्या थोडं आधीच गाठलं.

देशाने गाठलं, मराठवाड्याचं तसं नव्हतं. १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. तरी १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्याच्या असमतोलाचा हिशोब मांडला, तेव्हा ज्या क्षेत्रांत अनुशेष मोजावा लागला त्यात रस्ते होते आणि तांत्रिक शिक्षणही होतं. म्हणजे रस्ता नव्हता आणि तो बांधायला शिकवणारं कॉलेजही पुरेसं नव्हतं. नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी कॉलेज १९८१ चं. लातूर तर स्वतंत्र जिल्हाच झाला १९८२ मध्ये. याआधी इथल्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर औरंगाबाद, पुणे नाहीतर हैदराबाद गाठावं लागायचं.

जयकरांच्या दोन आण्यांचं काय झालं? मधली कितीतरी वर्षं तो निधी गरजेपुढे फारच तोकडा राहिला. २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा नवा कायदा झाला आणि पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे रुपयाचा उपकर कायद्याने रस्त्यांसाठी बांधला गेला. कल्पना तीच, आणे जाऊन रुपया आला. एक फरक मात्र महत्त्वाचा होता. डिझेलच्या उपकरातला अर्धा वाटा थेट ग्रामीण रस्त्यांना ठेवला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. पेट्रोल जिथे खपतं तिथेच पैसा, या जुन्या सूत्राला इथे पहिल्यांदा मोठा छेद गेला. ज्या वस्तीला पक्का रस्ताच नाही, तिचा नंबर आधी लागायला लागला. मुखेड, कंधार, निलंगा, जळकोट अशा भागांत रस्त्याचं काम घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरांना डिप्लोमाची पोरं लागायला लागली. लेव्हल लावायला, खडीचा थर मोजायला, मिक्सचं तापमान बघायला.

२०१८ मध्ये त्या निधीचं नाव बदलून केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी झालं.

आणि नांदेड-लातूर रस्ता? तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत पुढे यवतमाळ-वर्ध्यामार्गे बुटीबोरीला जाणारा तो राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाला. औसा ते चाकूर, चाकूर ते लोहा, लोहा ते वारंगा अशा टप्प्यांत त्याचं चौपदरीकरण झालं. काळ्या मातीतूनच.